घामाच्या अंगाला कापड कोणतं?

पुसदहून आम्ही बोलतोय. आजचा विषय थोडा अवघडल्यासारखा आहे. जांघेतली, काखेतली, छातीखालची खाज, आणि तिथे आपण घालतो ते कापड. घरात पुरुषमंडळी बसली असतील तर आवाज कमी करावासा वाटेल, पण करू नका. हे दुखणं त्यांनाही होतं आणि एकमेकांना लागतं, तेव्हा त्यांनीही ऐकलेलं बरं.

आमच्या एका गटातल्या ताईंची लेक पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, शिवाय गोळाफेक. गावातल्या आणखी चार-पाच पोरींबरोबर ती पहाटे पाचला रस्त्यावर धावते. सगळ्यांच्या अंगात आठवडी बाजारातली ताणणारी लेगिंग नाहीतर चकचकीत ट्रॅक पँट, वर पोलिस्टरचा टी-शर्ट. धावून आल्यावर तेच कपडे अंगावर ठेवून पाणी भरायचं, झाडलोट करायची, आणि निंदणाचे दिवस असले की तसंच वावरात जायचं. घामाने भिजलेली ती लेगिंग अंगावरून निघायला दुपारचे बारा वाजायचे.

मागच्या भादव्यात तिच्या जांघेत रुपयाएवढा लाल चट्टा उठला. ती कोणाला बोलली नाही. बसस्टँडजवळच्या एका औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. चार दिवसांत खाज थांबली म्हणून तिला हायसं वाटलं. ट्यूब संपली तशी खाज दुप्पट होऊन परत आली. दुसरी ट्यूब, मग तिसरी. दिवाळीपर्यंत चट्टे कमरेवर आणि पोटावर पसरले. धावताना कापड घासलं की आग व्हायची. शेवटी तिने धावणंच सोडलं आणि घरी सांगितलं, अभ्यास करायचाय. आई एके दिवशी बैठकीत आम्हाला म्हणाल्या, "ताई, पोरगी आता धावाले जात नाही. काय झालं तं सांगत नाही." कपडे धुताना लेगिंगवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी बैठकीत हे बोलून दाखवलं, आणि मग एकेक करत किती जणींनी पदर तोंडाला लावून सांगितलं, मलाही आहे, वर्षभरापासून आहे, म्हणून. आम्ही एवढी वर्षं बचतीचे हिशेब लिहितोय, पण या गोष्टीचा हिशेब कधी विचारलाच नव्हता.

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हे गजकर्ण आहे. आपल्याकडे कुणी त्याला गचकरण म्हणतं, कुणी नायटा. ही बुरशी असते. शिळ्या भाकरीवर धरते तसलीच जात, फक्त ही माणसाच्या कातडीवर जगते. तिला ऊब लागते, ओल लागते, आणि दोन कातड्या एकमेकींना घासतात अशी झाकलेली जागा लागते. मग डॉक्टरांनी ट्यूब मागितली, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्या भागात घरोघरी या ट्यूबा आहेत. स्टेरॉइडने खाज आणि लाली लगेच दबते. पण बुरशीशी लढणारी कातडीची जी स्वतःची ताकद असते, तीही त्याच्याबरोबर झोपते. वरून बरं वाटतं आणि आत बुरशी मोकाट पसरते. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि जांघेत ताणल्यासारख्या पांढऱ्या-जांभळ्या रेघा पडतात. त्या रेघा पुन्हा जात नाहीत. या पोरीच्या मांड्यांवर त्या राहिल्यात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन असं नाव दिसलं की ते स्टेरॉइड. २०१८ मध्ये केंद्र सरकारने असली मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी मिळतात, हे तुम्हाला आणि आम्हाला दोघींनाही माहीत आहे. तेव्हा वाचायचं काम आपलंच. वाचता येत नसेल तर लेकीकडून, नातवाकडून वाचून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, यात कापडाचा काय दोष? डॉक्टरांनी पोरीला पहिला प्रश्न कापडाचाच विचारला होता. काय घालून धावतेस, आणि किती वेळ घालतेस?

पोलिस्टर म्हणजे काय ते आधी सांगतो. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक आणि पोलिस्टरचा धागा ही एकच वस्तू आहे. खनिज तेलापासून ती बनते. १९४१ मध्ये इंग्लंडमधल्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी हा धागा काढला आणि त्याला टेरिलीन नाव पडलं. आपल्याकडचं टेरिकॉट हे नाव त्यातूनच आलं, टेरिलीन आणि कॉटन मिळून. नायलॉन त्याच्याही आधीचं, १९३५ चं. लेगिंगला जो ताण असतो तो स्पँडेक्सचा, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या आणखी एका रासायनिक धाग्याचा.

कापूस ओल पितो, प्लास्टिक पीत नाही. साध्या हवेत नुसतं ठेवलेलं शंभर ग्रॅम कोरडं सुती कापड हवेतली आठ-साडेआठ ग्रॅम ओल धरून ठेवतं. तेवढंच पोलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. बाटलीवर पाणी ओता, बाटली पाणी शोषते का? तसंच ते. घट्ट पोलिस्टर अंगाला चिकटलं की घाम कापडात मुरत नाही, कातडी आणि कापड यांच्यामध्ये साचून राहतो. वरून उकाडा. बुरशीला याहून चांगलं घर कुठे मिळणार?

वासाचंही तसंच. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग छापला. २६ जणांना तासभर जोरात व्यायामाची सायकल चालवायला लावली, काहींच्या अंगात सुती टी-शर्ट होते, काहींच्या पोलिस्टरचे. ते काढून एक दिवस ठेवले आणि मग हुंगून पाहिले. पोलिस्टरचे जास्त घाणेरडे वासाचे निघाले, कारण वास करणारे काही जंतू पोलिस्टरवर जास्त वाढतात. आपल्या पोरींना घरात "तुझ्या अंगाला वास येतो" असं ऐकावं लागतं ना, त्यात पोरीच्या अंगापेक्षा टी-शर्टचा वाटा मोठा असू शकतो.

एवढं बोलून "सुती घाला, सिंथेटिक टाका" म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. आपण सिंथेटिककडे गेलो ते काही मूर्खपणाने नाही. आमच्या आजीच्या अंगावर नऊवारी सुती लुगडं असायचं, तांड्यावरच्या बंजारा आज्यांच्या अंगावर जाड सुती फेटिया आणि कांचळी. ते लुगडं भिजलं की दगडासारखं जड व्हायचं. नदीवर आपटून धुवायचं, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळायचं नाही, रंग जायचा, चुरगळायचं, विरायचं. घरात दोनच लुगडी असली तर ओलंच नेसायची वेळ यायची. नायलॉनचं आणि पोलिस्टरचं पातळ आलं तेव्हा बायांचा केवढा भार उतरला! दोन तांबे पाण्यात धुतलं, झटकलं, तासाभरात वाळलं. इस्त्री नको, खळ नको. आणि स्वस्त. ज्या बाईच्या डोक्यावर पाण्याचे हंडे आहेत तिने ते का घेऊ नये? तेव्हा बाहेरच्या साडीबद्दल आमची काही तक्रार नाही. साडी सैल असते, खालून हवा खेळते.

फक्त चुलीजवळ सांभाळा. सुती कापडही पेटतं, भराभर पेटतं. पण पोलिस्टर आणि नायलॉन पेटल्यावर वितळतं आणि वितळलेलं अंगाला चिकटून आत भाजत जातं. स्वयंपाकाला सुती जुनेर नेसायची आपल्याकडची रीत शहाणपणाची होती.

आमचं म्हणणं आतल्या कपड्यांचं आहे. चड्डी, ब्रेसियर, परकराचा नाडा बांधतो तो पट्टा, ब्लाउजची काख आणि धावणाऱ्या पोरींची लेगिंग. जिथे घाम साचतो आणि कापड घट्ट बसतं, तिथे सुती हवं. आता गंमत बघा, यवतमाळ जिल्हा कापसाचा म्हणून देशभर ओळखला जातो, पाठ मोडेस्तोवर वेचणी आपण करतो, आणि आपल्याच अंगाला लागून असतं ते तेलाच्या विहिरीतून आलेलं प्लास्टिक.

सुतीलाही मर्यादा आहेत, त्याही सांगतो. मोठे धावपटू पोलिस्टरच घालतात, कारण त्यांच्या त्या चांगल्या विणीच्या कापडावर घाम पसरून लवकर उडतो. सुती टी-शर्ट घामाने पार भिजला तर जड होतो, ओला राहतो आणि मांडीला, काखेला घासून सालटं काढतो. म्हणून आम्ही पोरींना सांगितलं, आत सुती आणि वर सैल काहीही चालेल. पण धावणं संपलं की अर्ध्या तासात सगळं अंगावरून काढायचं, अंग पुसून पूर्ण कोरडं करायचं, मग दुसरं घालायचं. आमच्या मते कापडाच्या जातीपेक्षा हा वेळच जास्त महत्त्वाचा आहे. सकाळी पाचचा घाम बारापर्यंत अंगावर ठेवला तर सुती चड्डीतही गजकर्ण होईल.

आणि फवारणीच्या वेळी तर नुसत्या सुतीवर बिलकुल विसंबू नका. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कीटकनाशकाची बाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात भरती झाली, ते आपण विसरलो नाही. सुती कापड घाम पितं तसं औषधही पितं आणि कातडीला लावून ठेवतं. फवारणीला वरून न भिजणारा झगा, हातमोजे, तोंडाला मास्क हवाच. आल्याबरोबर कपडे काढून घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे. फवारणाऱ्याचे कपडे धुणारी बाई बहुतेक आपणच असतो, तेव्हा हातमोजे आपणही घालायचे.

आता मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टींकडे येऊ. आमच्या एका गटात कोणीतरी व्हिडिओ दाखवला की पोलिस्टरने वांझपण येतं. बैठकीत मूल नसलेली एक सून बसली होती, तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. हे असं होतं म्हणून सांगतो. इजिप्तमधल्या एका डॉक्टरने १९९२ मध्ये एक प्रयोग छापला होता. १४ पुरुषांनी वर्षभर दिवसरात्र पोलिस्टरची घट्ट पिशवी अंडकोषाला बांधली, तेव्हा त्यांचं बीज आटलं. पिशवी काढल्यावर परत आलं. प्रयोग चौदाच माणसांचा, तोही पुरुषांचा, आणि दिवसरात्र बांधलेल्या पिशवीचा. त्यावरून साडी नेसणाऱ्या सुनेला कोणी बोल लावला तर त्याला हे तोंडावर सांगा.

रसायनांची शंका मात्र अगदीच वाऱ्यावरची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंटल हेल्थ या संस्थेने २०२२ मध्ये नामांकित कंपन्यांच्या व्यायामाच्या ब्रा आणि टी-शर्ट तपासले. पोलिस्टर आणि स्पँडेक्स मिसळलेल्या कपड्यांमध्ये बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. हे रसायन शरीरातल्या संप्रेरकांच्या, म्हणजे पाळी, वाढ वगैरे चालवणाऱ्या रसांच्या कामात ढवळाढवळ करू शकतं. घामाच्या कपड्यातून ते अंगात जाऊन किती त्रास होतो यावर अजून अभ्यास चालू आहे. घाबरून कपडे जाळू नका, पण घट्ट लेगिंग आणि ब्रा रात्रंदिवस अंगावर ठेवू नका, एवढं पुरे.

रंगाचा त्रास वेगळा. पोलिस्टरला गडद निळा, काळा रंग द्यायला जे रंग वापरतात, त्यातले काही घामाने सुटून कातडीला लागतात आणि काहींच्या अंगावर पुरळ उठतं. गजकर्णाचा चट्टा बहुधा गोल असतो, कडेला उठावदार आणि मध्ये बरा होत आल्यासारखा. रंगाचं पुरळ कापड घासतं तिथे येतं, काखेच्या कडांना, मांड्यांच्या आत, गुडघ्यामागे, आणि तो कपडा सोडला की हळूहळू कमी होतं. खात्री डॉक्टरच करतील. नवा गडद कपडा मात्र दोनदा धुतल्याशिवाय अंगाला लावू नका.

दुकानात गेलात की "कॉटन आहे ताई" असंच ऐकायला मिळतं. "कॉटन मिक्स", "पीसी कॉटन", "कॉटन फील" या सगळ्यात पोलिस्टर असतं. पीसी म्हणजेच पोलिस्टर-कॉटन, आणि त्यात बऱ्याचदा पोलिस्टरच जास्त. चिठ्ठी शिवलेली असेल तर तीवर शंभर टक्के कॉटन लिहिलंय का बघा. सुटं कापड असेल तर कडेचे चार धागे मागून घरी आणा. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवा, पोरांना लांब ठेवा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पोलिस्टर आकसतं, वितळतं आणि त्याची काळी कडक गाठ होते. थोडी राख आणि थोडी गाठ मिळाली तर मिसळलेलं. रेयॉनच्या कुर्त्या हल्ली फार निघाल्यात, त्याही कागदासारख्याच जळतात, कारण रेयॉन लाकडाच्या लगद्याचं असतं. बांबूचं कापड म्हणून महाग विकतात तेही बहुतेक हेच. ते घाम पितं, ढगळ कुर्तीला छान आहे, पण ओलं झालं की कमजोर होतं. खादी घेणं परवडत असेल तर उत्तमच. वर्ध्याला १९३८ पासून मगन संग्रहालय आहे, तिथे खादी आणि नैसर्गिक रंगांचं काम आजही चालतं, कधी सहल काढली तर बघून या. रोजच्याला मात्र मलमल, केंब्रिक, पॉपलीन आणि होजिअरी एवढी नावं लक्षात ठेवली तरी काम भागतं.

आमच्या गटाकडे शिलाई मशीन होतंच. पोरींसाठी आम्ही सुती होजिअरीच्या गुडघ्याच्या वर येणाऱ्या हाफ पँट शिवल्या, लेगिंगच्या आत घालायला. पहिल्या खेपेला आम्ही फसलो. कापड न भिजवता कापलं आणि पहिल्या धुण्यात सगळ्या आटल्या, एकीच्याही मांडीवर चढेना. आता कापड रात्रभर पाण्यात घालून, वाळवून मगच कापतो. दुसरी चूक आसनाची. चारही शिवणी जांघेत एका जागी आल्या आणि त्याच घासू लागल्या. एका ताईंनी डोकं चालवून आसनाला चौकोनी तुकडा जोडला, त्याने शिवणी बाजूला सरकल्या. कमरेला घट्ट इलास्टिकऐवजी नाडी घातली. आता बाकीच्या गावांतूनही पोरी माप देऊन जातात, आणि दोन पैसे गटाला सुटतात.

त्या लेकीला डॉक्टरांनी बुरशीच्या गोळ्या आणि मलम दिलं. चट्ट्याच्या बोटभर बाहेरपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे सोडायचं नाही. खाज थांबली की औषध थांबवणं, इथेच सगळे घसरतात. घरात तिच्या भावालाही होतं, त्यालाही त्याच वेळी औषध दिलं, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे खेळ चालूच राहतो. टॉवेल वेगवेगळे केले. आतले कपडे कढत पाण्यात भिजवून धुवायचे, घरच्यांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत.

आणि वाळवायचे उन्हात. ही गोष्ट सगळ्यात सोपी आणि तीच सगळ्यात जड गेली. आपण चड्डी, ब्रेसियर, पाळीचं कापड कुठे वाळवतो? परकराखाली, साडीच्या घडीत, न्हाणीच्या कोपऱ्यात, जिथे कोणाला दिसणार नाही. ते दमटच राहतात आणि दमटच परत घालतो. कापसाचं घ्या नाहीतर सोन्याचं घ्या, ओलं घातलं तर बुरशी येणारच. या ताईंच्या घरी सासरे दिवसभर ओसरीत बसतात, त्यांच्यासमोर दोरीवर चड्डी कशी टाकायची? शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. घरामागे गोठ्याच्या बाजूला, जिथे दुपारी कडक ऊन पडतं, तिथे त्यांनी स्वतः दोरी बांधली, आणि पहिल्या दिवशी स्वतःची आतली बंडी त्यावर टाकली.

पोरगी माघ महिन्यापासून परत धावतेय. सुरुवातीला ८०० मीटरला दम लागायचा, आता वेळ सुधारतेय. परवा ती आमच्याकडे आणखी दोन हाफ पँटचं माप द्यायला आली होती. एक अंगात, एक दोरीवर, आणि एक पावसाळ्यात वाळली नाही तर असावी म्हणून.